गुत्त्यामागचा बोळ

निपाणीहून येणारी बस आमच्या गावात जिथं थांबते त्या जागेला सगळे गुत्ता म्हणतात. कंडक्टर चिकोडीकडचा असो नाहीतर बेळगावचा, दारातून एकच ओरडतो, "गुत्ता कोन हाय? उतरा बिगीबिगी!" गुत्ता म्हणजे सरकारी ठेक्यानं चालणारं सराईचं, गावठी दारूचं दुकान. सरकारनं सराई बंद केली तेव्हा मी बालवाडीत होते, त्यामुळं चालता गुत्ता मी पाहिलेला नाही. मी पाहिली ती कौलं खचलेली इमारत, पुढचा लांब कट्टा आणि दारावरची अर्धवट पुसलेली निळी कानडी अक्षरं. शाळा सुटली की त्या कट्ट्यावर बसून आम्ही चिंचा खायचो. घरी विचारलं, इतका वेळ कुठं होतीस, तर सांगायचं, "गुत्त्यावर." चौथीतल्या पोरीच्या तोंडचं हे उत्तर कुणालाही वावगं वाटायचं नाही.

मला त्याची लाज वाटायला लागली ती नंतर. बेळगावला वकिलीचं शिकायला गेले, अनगोळात खोली घेतली आणि पत्रकं लिहायला लागले. हॉस्टेलच्या पाण्यावर पत्रक, बसच्या पासावर पत्रक, परीक्षेच्या निकालावर पत्रक. माझं पत्रक वाचून दोन प्राचार्य चिडले होते आणि त्याचा मला अभिमान होता. अजूनही आहे.

गेल्या वर्षी आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी आत्या. ती विड्या वळते, आणि आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या सगळ्या बायका तिच्याच अंगणात जमतात. ती म्हणाली, "आगं, गुत्त्याला रंग चाललाय."

"कसला रंग?"

"लाल. बार हुनार हाय म्हनं. एसी लावनार हाईत."

गुत्त्याच्या पाठीमागं आमची शाळा आहे. मी जिथं शिकले ती, आणि माझे वडील आज जिथं शिकवतात ती. फाट्यावर दोन बार चालवणाऱ्या एका माणसानं ती पडकी इमारत घेतली होती आणि परवान्यासाठी अर्ज केला होता. मी त्याच दिवशी बस पकडली. येताना मांडीवर वही ठेवून पत्रक लिहिलं आणि निपाणीत उतरून ते छापूनच गावात आले. मथळा होता, "दारुड्यांनो, लाज बाळगा!" खाली पहिलंच वाक्य होतं, "आपल्या या पवित्र गावात दारूला कधीच थारा नव्हता."

पहिला गठ्ठा आक्काच्या अंगणात वाटला. आठ-दहा बायका मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. पानं कापलेली, तंबाखू भरलेली, बोटं चाललेली. विडी वळताना हात थांबवून चालत नाही, म्हणून एकीनं मोठ्यानं वाचायला घेतलं. पहिल्या वाक्याला सगळ्यांचे हात थांबले. मग अंगणात असं हसू फुटलं की सुपातली पानं उडाली.

"थारा नव्हता? आगं बाई, गुत्ता हुता म्हनून तर गावाला बस थांबायला लागली!"

"वड्याकाठी शिंदीची झोपडी हुती ती इसरलीस व्हय?"

"आनि अंड्याच्या गाडीमागं पडदा लावून काय इकायचा तो? ताक?"

"तीन ठिकानं हुती, पोरी," आक्का म्हणाली. तिला हसू आलं नव्हतं. "आनि तुझ्या आज्याला तिन्हीकडं वळखायचे. ह्यो कागुद कुनाला शिव्या घालतोय गं?"

आजा म्हणजे आमचे आप्पा. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, अजूनही खोकताना तंबाखूचाच वास येतो असं आम्ही म्हणतो. संध्याकाळी मी घरी गेले तर ते उंबऱ्यावर बसून माझं पत्रक वाचत होते. प्रौढशिक्षणात शिकलेले, त्यामुळं एकेका अक्षरावर बोट ठेवून. वाचून झालं, पत्रकाच्या चार घड्या घातल्या, ते बंडीच्या खिशात ठेवलं आणि उठून गेले. तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

त्या तीन दिवसांत मी हरकतीचा अर्ज दिला आणि अर्जदाराचा नकाशा बघून आले. शाळेच्या दारापासून शंभर मीटरच्या आत बार चालत नाही. गुत्त्याच्या दारातून निघायचं, शेजारच्या तंबाखूच्या वखारीला पुरा वळसा घालायचा आणि शाळेच्या फाटकाशी यायचं, तर अंतर भरतं एकशे बारा. नकाशात तेच दाखवलेलं. पण नियम आणखी एक गोष्ट सांगतो. माणूस पायी ज्या जवळच्या वाटेनं जातो, ती वाट मोजायची. गुत्ता आणि वखार यांच्या मधे पत्रा ठोकलेला होता, वर बाभळीचे काटे टाकलेले. माझ्या आठवणीत तो पत्रा कायमचाच होता. त्याच्या मागं काय आहे हे गावात मी कुणाला कधी विचारलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी मी आप्पांपुढं जाऊन बसले. "आप्पा, पत्रक चुकलं."

"चुकलं न्हाय. मी दारुडा हायच की." त्यांनी खिशातून ते चार घड्यांचं पत्रक काढलं. "पर थारा नव्हता म्हनून लिवलंस. मग मी चाळीस वर्सं कुटं हुबा हुतो?"

आणि मग त्यांनी सांगितलं कुठं उभे होते ते.

पत्र्यामागं बोळ आहे. दोन माणसं एकमेकांना घासून जातील इतकाच. गुत्त्याच्या पुढच्या दारानं आत गेलं की बाकं, काचेचे पेले, शेंगदाण्याच्या पुड्या. तिथं आमच्या गावकुसाबाहेरच्या वाड्यातल्या माणसांना पाय ठेवायची सोय नव्हती. आमच्यासाठी मागच्या भिंतीला एक खिडकी होती, हात जाईल एवढी, बोळात उघडणारी. खिडकीखाली खिळ्यांची रांग, आणि प्रत्येक खिळ्यावर एकेकाची नारळाची करवंटी. आपली करवंटी काढायची, खिडकीत धरायची, वरून ओततील ती घ्यायची, तिथंच उभ्यानं प्यायची, धुवायची आणि पुन्हा आपल्या खिळ्याला अडकवायची. दिवसभर वखारीत ज्याच्या खांद्याला खांदा लावून पोती उचलली, तो संध्याकाळी भिंतीच्या आत बसायचा आणि आप्पा भिंतीच्या बाहेर.

आप्पा मात्र मधेच हसले.

"पर मजा ऐक की. भित्ताड एकच. आत कोन कुनाच्या नावानं रडतंय, कुनाची कुस्ती कुनी मारली, समदं आमाला फुकाट ऐकू यायचं. आनि फुडच्या दारात बायका आल्या झाडू घिऊन, की ही समदी बाकावरची मंडळी खिडकीशेजारच्या मोरीच्या दारानं आमच्याच बोळातनं पळायची. थेट शाळंपातुर. पळताना शिवाशिव न्हवती बग!"

"हे मोजणीला येणाऱ्या अबकारी साहेबांसमोर सांगाल?"

त्यांचं हसू गेलं. "करवंटीचं? समद्या गावाफुडं?" त्यांनी पत्रक पुन्हा खिशात कोंबलं. "तुझा बाप त्या शाळंत मास्तर हाय. त्याला बी म्या कदी सांगितलं न्हाय. उद्या पोरं म्हनतील, मास्तराचा बाप खिडकीला करवंटी धरून हुबा ऱ्हायचा."

मी म्हणायला हवं होतं, नको आप्पा, राहू दे. म्हटलं नाही. मला तो बार थांबवायचा होता आणि ती वाट गावात आप्पांइतकी कुणाला पाठ नव्हती. मी एवढंच म्हटलं, "तुम्ही ठरवा." आणि उठले.

अबकारी खात्याचे साहेब पाहणीला आले ते सकाळी अकराला. गुत्त्यासमोर अर्धं गाव. आक्काच्या बायका सुपं घेऊनच आल्या होत्या, उभ्या उभ्या विड्या वळत होत्या. अर्जदार पांढऱ्या शर्टात, डोळ्यांवर काळा चष्मा. आप्पा कुठं दिसत नव्हते. शाळेच्या फाटकाशी टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता, तर हेडमास्तरांनी माझ्या वडिलांना पाठवलं.

साहेबांनी रस्त्यानं, वळसा घालून, टप्प्याटप्प्यानं मोजलं. एकशे बारा. अर्जदार माझ्याकडं बघून हसला. "ताई, पेपरात लिवा आता."

मी नियम वाचून दाखवला. साहेब सरळ माणूस होते. कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "जवळची वाट हाय तर दाखवा. मोजतो."

मी पत्र्याकडं बोट दाखवलं. अर्जदार पुढं झाला. "साहेब, त्याच्या मागं उकिरडा हाय. तितनं मानूस कदी गेलेला न्हाय."

ज्यांना माहीत होतं ते सगळे म्हातारे पायांकडं बघत होते. तेवढ्यात पाठीमागून खोकला ऐकू आला. तो मला कुठंही ओळखू येईल.

"कदी मानूस गेलेला न्हाय?" आप्पा गर्दीतून पुढं आले. धुतलेला शर्ट, डोक्याला फेटा.

"न्हाय," अर्जदार म्हणाला.

"मग आमी कोन हुतो रं?"

आप्पांनी साहेबांकडं वळून कानडीत सांगितलं, "दारी ऐती, साहेब." वाट आहे. आणि बाभळीच्या काट्यांना हात घातला. तिथून पुढं मला काही करावं लागलं नाही. आक्कानं सूप खाली ठेवलं, पाठोपाठ दहा सुपं खाली ठेवली गेली, आणि तो पत्रा बायकांनी असा ओढला की खिळ्यांसकट उपटून आला.

आत बोळ होता. गुडघाभर गवत, पण सरळ. पलीकडच्या टोकाला ऊन, आणि त्या उन्हात शाळेचं फाटक, आणि फाटकाशी टेप धरून उभे माझे वडील.

आप्पा भिंतीला हात लावत चालत गेले. एका ठिकाणी थांबले. खिडकी विटांनी बुजवलेली होती, पण तिच्याखाली खिळे होते. गंजलेले, रांगेत. साहेबांनी विचारलं, हे कशाला? आप्पांनी सांगितलं. हळू नाही. वखारीत गाडीवानाला हाक मारायचे तशा आवाजात सांगितलं. खिडकी, करवंटी, ओतणं, धुणं, सगळं. तिसऱ्या खिळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो माजा."

"साहेब, म्हातारा प्यालाय," अर्जदार मागून ओरडला.

"अजून न्हाय," आप्पा म्हणाले. "हे झाल्यावर पेनार हाय."

बायका खदाखदा हसल्या. साहेबांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. अर्जदार म्हणाला, एका माणसाच्या सांगण्यावर वाट होत नाही. तेव्हा पेठेतले एक अण्णा, एके काळी वखारीत आप्पांबरोबर पोती उचलून पुढं मुकादम झालेले, काठी टेकत पुढं आले. नजर आप्पांवर नव्हती, भिंतीवर होती.

"खरं हाय साहेब. मी आत बाकावर बसायचो. ह्यो भायेर." थांबले. मग म्हणाले, "आनि माजी बायको आली की ह्याच बोळातनं पळायचो. शाळंच्या फाटकापातुर."

"फाटकापातुर न्हाय," त्यांची बायको गर्दीतून कडाडली. "फाटकाशी मी धरलं हुतं तुमास्नी! दोनदा!"

यापुढं साक्ष कसली लागते? टेप बोळातून गेला. खिळ्यांजवळून, गवतातून, थेट माझ्या वडिलांच्या हातापर्यंत. साहेबांनी आकडा मोठ्यानं वाचला, चौसष्ट, आणि कागदावर लिहिला. अर्जदारानं काळा चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

वडिलांनी सगळं ऐकलं होतं. बोळातला आवाज फाटकापर्यंत स्पष्ट येतो. आप्पा त्यांच्याजवळ पोचले तेव्हा वडिलांनी टेप सोडला, आप्पांच्या फेट्यावर अडकलेलं बाभळीचं पान काढलं आणि त्यांना हाताला धरून शाळेत नेलं. मधली सुट्टी होती. हेडमास्तरांच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि काचेच्या पेल्यातून चहा दिला. मी खिडकीतून बघितलं. आप्पांनी बशी घेतली नाही, पेला दोन्ही हातांत धरून प्याले.

परवाना नाकारल्याचं पत्र आलं त्या दिवशी आक्काच्या अंगणात एकही विडी वळली गेली नाही. हलगी होती, गुलाल होता, आणि अण्णांची बायको सगळ्यांत पुढं नाचत होती. पत्रा पुन्हा कुणी ठोकला नाही. आता आमच्या वाड्यातली पोरं त्याच बोळातून दप्तरं घेऊन शाळेला जातात आणि पोचायला त्यांना दोन मिनिटं पुरतात.

मी नवं पत्रक लिहिलं. पहिलं वाक्य, "या गावात दारूची तीन ठिकाणं होती." छापायच्या आधी आप्पांना वाचून दाखवलं. फाट्यावर जायची त्यांची वेळ झाली होती, पायात वहाणा सरकवतच ऐकत होते.

"मी सोडली असं काय छापू नगंस."

"नाही छापलं."

"खिळं किती लिवलंस?"

"सात. मोजले मी."

"आठ हुते," ते म्हणाले. "एक गळून पडलाय. त्या खिळ्याचा मानूस माज्या शेजारी हुबा ऱ्हायचा. त्यो बी लिव."

मी सात खोडलं आणि आठ लिहिलं.