गॅलरीतले पाम

गिरगावात आमच्या शेजारच्या खोलीत एक कारकून राहत. गॅलरीत तेलाच्या डब्यांतून त्यांनी बुटके पाम लावले होते. सावलीत वाढणारी, नाजूक जात. कुणाची ओली साडी पानाला लागली की ते ओरडत, "अहो, जीव आहे त्यांना!" कचेरीला जाण्याआधी एकेक पान ओल्या फडक्याने पुसत. बायकोशी ते इतक्या हळुवारपणे बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. संयुक्त महाराष्ट्र त्यांनाही हवा होता, पण तो घरात बसून.

हरताळाच्या एका दुपारी पोलिसांनी नाक्यावरच्या मोर्चावर अश्रुधूर सोडला. माणसं आमच्या जिन्याने वर धावली. कारकुनांनी घाईघाईने सगळे डबे खोलीत ओढले. एक म्हातारी गिरणीकामगारीण डोळे चोळत त्यांच्या दाराशी आली.

"दादा, जरा टेकू द्या."

"जागा नाही हो बाई. धुराने पानं करपतात," म्हणत त्यांनी कडी घातली.

ती कडी त्यांच्या बायकोने काढली. सर्वांत मोठा डबा दोन्ही हातांनी ओढत तिने गॅलरीत आणला.

"या मावशी, झाली जागा."

म्हातारी आत गेली. ते मात्र डब्यामागोमाग बाहेर आले आणि खोकत, डोळे पुसत, धोतराच्या सोग्याने पामाला वारा घालत तिथेच उभे राहिले.