मास्तरांच्या कवळीची परदेशवारी

परक्या शहरात उतरल्यावर लोक इमारती बघतात, पूल बघतात. आमचा अर्धा डॉक्टर लोकांचे जबडे बघत होता. ट्रामच्या थांब्यावर एक बाई उभ्या उभ्या जाड सालीचा पाव खात होती. तिच्याकडे तो इतका टक लावून बघत राहिला की शेवटी मी त्याचा दंड धरून त्याला पुढं ओढलं. तर म्हणतो कसा, पुढच्या दातांनी फाडते आणि लगेच डाव्या दाढेवर नेते, बघितलंस का? मी म्हटलं, तिच्या नवऱ्यानं बघितलं तर तुझ्या दाढा हातात देईल, चल.

अर्धा डॉक्टर हे नाव त्याला आम्हीच दिलं. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून त्यानं चाळीस वर्षं कवळ्या केल्या. पेशंट पुढच्या खोलीत, हा मागच्या. त्याच्यापुढं यायचा तो तोंडाचा प्लास्टरचा ठसा. त्यावर मेण, मेणात एकेक दात, मग गुलाबी हिरडी, मग घासणं आणि चकाकी आणणं. आमच्याकडची निम्मी म्हातारी मंडळी त्याच्या हातच्या दातांनी हसतात, पण त्यातल्या एकाचंही तोंड त्यानं उघडून बघितलेलं नाही. दुखतंय का, हा प्रश्न पुढच्या खोलीतला. याचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत, त्यामुळं त्याला तो कधी सुचलाही नाही.

शेवटची कवळी त्यानं दोन वर्षांपूर्वी आमच्या मास्तरांसाठी केली. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, आमच्याहून चार वर्षांनी मोठे. त्या कवळीवर हा तीन आठवडे बसला आणि मग त्यानं काम बंद केलं. "शेवटचं काम आणि सगळ्यात चांगलं," असं तो चारचौघांत सांगायचा, आणि शेजारी उभे असलेले मास्तर बापडे दात दाखवायचे.

मास्तरांची मुलगी या शहरात नोकरीला. ती महिनाभर कामासाठी बाहेर जाणार होती, म्हणून तिनं घराची किल्ली वडलांना दिली आणि मित्रांनाही घेऊन या म्हणाली. मी निवृत्त वायरमन, मला कुठंही चालतं. अर्धा डॉक्टर मात्र एकाच ओढीनं आला होता. घरी आम्ही भेटतो ते चहापुरतं. मास्तरांना पानावर बसून नीट जेवताना त्यानं कधी बघितलंच नव्हतं. इथं रोज नवं काहीतरी खायला मिळणार आणि आपलं शेवटचं काम कसं चालतं ते डोळ्यांनी बघायला मिळणार, म्हणून स्वारी खुशीत होती.

पहिल्याच दुपारी मास्तरांनी मला जिन्यात गाठलं. खालची कवळी डावीकडं हिरडीत रुतते, म्हणाले. कधीपासून? तर पहिल्या आठवड्यापासून. दोन वर्षं हे गृहस्थ घरी कवळी काढून ठेवतात आणि मऊ कालवून जेवतात. चुकलेलं गणित लपवलं म्हणून ज्यांनी पोरांना बाकावर उभं केलं, त्यांनीच हे लपवावं याचा मला रागच आला. भीड भिकेची बहीण, मी म्हटलं. त्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "तीन आठवडे खपला रे तो माझ्यासाठी. शेवटचं काम म्हणतो. कसं सांगू?" आणि मला शपथ घातली.

पुढचे चार दिवस माझ्या खिशाला सुट्टी नव्हती. अर्ध्या डॉक्टरचं कुतूहल तर वाढतच होतं. कुठं भट्टीसमोर रांग दिसली की हा रांगेत. काय विकतात ते नंतर कळायचं. एका गल्लीत काळ्या बियांचं टणक बिस्कीट मिळालं, एका ठिकाणी लोणच्यासारखा आंबट, पण करकरीत कंद. बंदराजवळ शिंपल्यातलं काहीतरी होतं, ते चावावं की गिळावं हे तिघांनाही कळेना, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी जबडा हलवून दाखवला. अर्ध्या डॉक्टरनं उठून त्यांना नमस्कार केला. प्रत्येक पदार्थ तो आधी स्वतः चावायचा, डोळे मिटून, कुठल्या दाढेवर किती जोर येतो ते बघत. मग म्हणायचा, मास्तर, आता तुम्ही. त्यानं पाणी आणायला पाठ फिरवली की मास्तरांचा तुकडा माझ्या खिशात. कधी माझ्या तोंडात. मास्तर रिकामंच तोंड हलवत राहायचे, वर "झकास" म्हणायचे. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. इथं दात होते, चणेही होते, आणि अपचन मला झालं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होतो. अर्धा डॉक्टर तोंड धुवायला गेला तो बाहेर येईना. आला तेव्हा त्याच्या हातात मास्तरांची कवळी होती. मास्तर ती रात्री पेल्यात ठेवायचे. खिडकीपाशी जाऊन तो ती उजेडात फिरवत राहिला, दाढांच्या माथ्यावरून नख फिरवत. मास्तर बोळक्या तोंडानं खुर्चीत बसलेले. मला वाटलं, आता संपलं.

"दोन वर्षांत दाढांचे उंचवटे झिजतात," तो म्हणाला. "थोडे तरी झिजतातच. हे मी बसवले तसेच आहेत. या कवळीनं नुसता चहा प्यायलाय."

मास्तर जमिनीकडं बघत होते. इतकं वाईट मला फार वर्षांत वाटलं नव्हतं, आणि दोघांपैकी कुणासाठी जास्त वाटत होतं तेही सांगता येत नाही. मग अर्ध्या डॉक्टरनं खुर्ची ओढली, मास्तरांसमोर बसला आणि म्हणाला, तोंड उघडा.

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो खऱ्या तोंडात बघत होता. माझ्याकडून त्यानं बॅटरी धरवून घेतली. बराच वेळ तो नुसता बघत राहिला. डावीकडं हिरडीवर जुना लाल वळ होता. पक्की बसावी म्हणून त्यानं कवळीची कड तिथं जरा लांब ठेवली होती. ठशावर ती उत्तम बसली होती. ठसा काही ओरडत नाही.

त्यानं त्या वळावर टूथपेस्टचा ठिपका लावला, कवळी बसवली, काढली. पांढरी खूण नेमकी कडेवर उमटली. मुलीच्या खणातली नखं घासायची कानस घेऊन तो खिडकीत बसला आणि चहा गार होईपर्यंत घासत राहिला. चकाकी आणायला माझा सुती रुमाल गेला. काम करताना तो एकदाच बोलला, तेही माझ्याकडं न बघता. "तुला ठाऊक होतं ना?" मी हो म्हटलं. त्यानं मान हलवली.

मग आम्ही खाली कोपऱ्यावरच्या भट्टीत गेलो. त्या ट्रामवाल्या बाईच्या हातात होता तोच पाव, जाड सालीचा, गरम. मास्तरांनी तुकडा तोडला. या वेळी अर्ध्या डॉक्टरनं आधी स्वतः चावून बघितलं नाही. मास्तरांनी घास डावीकडं नेला आणि चावला. साल मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्यांनी पुन्हा चावलं, गिळलं, आणि सवयीनं त्यांच्या तोंडून "झकास" निघालंच.

अर्धा डॉक्टर पुढं वाकला. "मास्तर, दुखतंय का?"

मास्तर थांबले. माझ्याकडं बघितलं, पावाकडं बघितलं.

"हो," ते म्हणाले. "जरासं. मागच्या बाजूला."

अर्ध्या डॉक्टरचा चेहरा असा उजळला की पाववाला बघतच राहिला. त्यानं खिशातून कानस काढली आणि हात पुढं केला. म्हणाला, "द्या इकडं."