गाडी जाईस्तोवर

लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी या समजुतीत काढलं की माझी बायको फार पटकन रुसते.

ती बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची. "आज भाजीवाल्याकडे गेले तर तो म्हणाला…" एवढं बोलून थांबायची आणि समोर बघत राहायची. शेजारच्या घरात मिक्सर चालू झालेला असायचा, किंवा इमारतीवरून विमान चाललेलं असायचं, किंवा खालून एखादी वरात. आवाज बंद झाला की काहीच घडलं नसल्यासारखी ती पुढं बोलायची, "…की मेथी उद्या येईल." मधल्या वेळात मी दोनदा "काय झालं?" म्हणून विचारलेलं असायचं आणि तिनं हातानं थांबा म्हणून खूण केलेली असायची. त्या हाताचा अर्थ मी 'माझ्याशी बोलू नका' असा लावायचो. मग मीच रुसायचो.

आम्ही तेव्हा नुकतेच भाईंदरला, इंद्रलोक नावाच्या वसाहतीत राहायला आलो होतो. माझं लहानपण गिरगावात गेलं. आमच्या घरी बाहेरचा आवाज वाढला की आतली माणसंही आवाज वाढवायची. कुणी कुणासाठी थांबायचं नाही. थांबला तो हरला.

उलगडा झाला तो दिवाळसणाला. माझी सासुरवाडी चंद्रपूरकडची, कोळसा खाणींच्या पट्ट्यातली. घर रेल्वे फाटकाला लागून. अंगण संपलं की तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे रूळ. सासरे खाणीच्या सायडिंगवर कामाला होते, म्हणजे जिथं मालगाडीत कोळसा भरतात तिथं. पुढं मोठं फावडं असलेलं यंत्र चालवून डब्यांत कोळसा टाकायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

फराळाची ताटं समोर आली तसं त्यांनी विचारलं, तुमचं भाईंदर कसं आहे. मी म्हणालो, "तसं बरं आहे, फक्त आमच्याकडे पाण्याचा…" तेवढ्यात मांडणीवरची भांडी किणकिणायला लागली. मग पायाखालची फरशी थरथरली, मग इंजिन आलं. मी सवयीनं आवाज चढवून बोलतच राहिलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की ऐकणारं कुणी नाही. सासूबाईंचा चिवडा वाढणारा हात ताटावर तसाच थांबला होता. सासरे रुळांकडे तोंड करून बसले होते. बायकोनं मला तोच हात दाखवला.

डबे जातच राहिले. मला वाटलं संपली, तर पुन्हा डबे. शेवटी गार्डचा डबा गेला, धूळ खाली बसली, सासूबाईंनी चिवडा वाढला आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मला काही केल्या आठवेना.

"पाण्याचा," सासरे म्हणाले.

"काय?"

"पाण्याचा म्हणत होते न जी तुमी. आमी वाट पाहून राह्यलो."

पुढं कित्येक वर्षं त्या घरात माझं नाव 'पाण्याचा' होतं. बायकोनं फोन लावला की पलीकडून सासूबाईंचा आवाज यायचा, "पाण्याचा आला का घरी?"

परतीच्या प्रवासात बायकोनं समजावलं. गाडीवर ओरडून उपयोग काय, ती थोडीच थांबणार आहे. म्हणून आपण थांबायचं. वाक्य तोंडात धरून ठेवायचं आणि गाडी गेली की तिथूनच पुढं न्यायचं. मी विचारलं, आणि बोलणी बसत असतील तर? "तेव्हाही," ती म्हणाली. "अहो, मधे गाडी आली म्हणून मी कधी सुटले नाही. बाबांना बरोब्बर आठवायचं."

तेव्हापासून मला त्या गाड्यांचा नाद लागला. आम्ही वर्षातून एकदा जायचो. मी अंगणातल्या खाटेवर सासऱ्यांच्या शेजारी बसायचो. भरलेली गाडी खाणीकडून बाहेर जाते, रिकामी आत येते. रिकामीचा खडखडाट फार, भरलेलीचा आवाज जमिनीतून येतो आणि आधी पोटात कळतो. उन्हात डब्यांवरचा कोळसा ओल्यासारखा चमकतो. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी राखाडी होऊन घरात येतं आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. सासरे निवृत्त झाले होते, तरी प्रत्येक गाडीला 'आपली गाडी' म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या, "हो, तुमचीच. येते अन् तुमाले न विचारता जाते."

हळूहळू मीही 'आपली गाडी' म्हणायला लागलो. अंधेरीच्या ऑफिसात कुणी विजेच्या बिलाबद्दल कुरकुरला की मी लगेच सुरू व्हायचो. आमच्याकडे किती लांब गाड्या असतात, दोन गाड्या एकमेकींना जोडून कशा नेतात, फाटकावर माणसं इंजिन बंद करून कशी मुकाट उभी राहतात. भाईंदरच्या घरातली वीज नेमकी कुठल्या कोळशावर येते हे मला आजही ठाऊक नाही. पण अभिमान माहितीसाठी थांबत नाही. गिरगावातला मी, आणि 'आमच्याकडे' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर चंद्रपूर असायचं.

हा अभिमान किती वरवरचा होता ते पुढं कळलं.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि सासरे त्या घरात एकटे राहिले. बायको रोज संध्याकाळी फोन करायची. बोलताना ती माहेरची भाषा बोलते. तिचे 'मला', 'तुला' निघून जातात आणि 'मले', 'तुले' येतात. बोलता बोलता पलीकडे गाडी यायची. मग दोघंही गप्प. बायको ओट्यापाशी फोन कानाला लावून उभी, आणि आमच्या इंद्रलोकच्या स्वयंपाकघरातून ती अख्खी मालगाडी बारीक आवाजात निघून जायची. ती फोन ठेवायची नाही. गाडी गेली की म्हणायची, "हं, तर दवाई संपली का?"

"बाबा बारीक झाल्यासारखे बोलतायत," असं ती मला म्हणायला लागली. मग एके दिवशी म्हणाली, त्यांना इकडं कायमचं आणू या. "मी म्हटलं तर येणार नाहीत. मुलीकडे राहायचं कसं, म्हणतील. जावयानं स्वतः जाऊन बोलावलं तर नाही म्हणता येणार नाही त्यांना. तुम्ही जा."

मी हो म्हणालो. मनात मात्र नाही होतं. आमचं घर दोन खोल्यांचं. हॉलमध्ये मुलीचा अभ्यास, आणि खिडकीजवळ माझी खुर्ची. त्या खुर्चीत संध्याकाळी कुणाशी न बोलता बसायचं, एवढीच माझ्या दिवसातली माझी जागा. इतकी वर्षं ज्यांच्या गाड्यांच्या गोष्टी मी सांगत फिरलो, त्यांना मला घरात खुर्ची द्यायची नव्हती. ते तसंच होतं.

म्हणून चंद्रपूरच्या गाडीत बसल्या बसल्या मी एक वाक्य तयार केलं. "बाबा, तुम्हाला तिथं करमणार नाही हे मला माहीत आहे, पण तिची इच्छा आहे की तुम्ही यावं." फार सभ्य वाक्य. त्यात बोलावणं होतं आणि नकारही आधीच भरून ठेवला होता. सासरे स्वाभिमानी. पहिला अर्धा भाग ऐकूनच ते नाही म्हणतील आणि मी प्रयत्न केला असं मला घरी सांगता येईल.

पोचलो त्या दिवशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चहा झाला. ते खाटेवर, मी समोर स्टुलावर. त्यांनी विचारलं, "काहून आले जी एकटेच? काई काम होतं का?"

"बाबा," मी म्हणालो, "तुम्हाला तिथं करमणार नाही हे…"

आणि आत भांडी वाजली.

मी थांबलो. इतक्या वर्षांत एवढं शिकलो होतो. गाडी भरलेली होती आणि जोडगाडी होती, एकीच्या मागं दुसरी. सासऱ्यांनी खाटेवर सरकून रुळांकडे तोंड केलं. मी नेहमी गाडीकडे बघायचो. त्या दिवशी मनात पाप होतं म्हणून असेल, मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

ते खोकत होते.

आवाज मला येतच नव्हता. फक्त पाठ वाकताना दिसत होती. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबलेले, मान खाली, आणि अख्खं अंग खाटेसकट हलत होतं. थोडं थांबायचे, गाडी अजून आहे ना ते बघायचे आणि पुन्हा खोकायचे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस गाडी येईस्तोवर खोकला दाबून ठेवतो. फोनवरही तेच. आमच्या स्वयंपाकघरातून जी गाडी रोज जात होती, तिच्या आत हा खोकला होता. बायको कान लावून ती गाडी ऐकायची आणि तिला तो कधी ऐकू आला नाही.

मधलं इंजिन आलं आणि गेलं. त्यामागून पुन्हा डबे. माझ्या तोंडात माझं अर्धं वाक्य होतं आणि ते मला कोळशाच्या धुळीसारखं कचकचत होतं. मला वाटलं, संपूच नये ही गाडी.

शेवटचा डबा आला. सासऱ्यांनी पंच्यानं तोंड पुसलं, हात वर केला. गार्डनंही केला. मग ते माझ्याकडे वळले, चेहरा अगदी साफ.

"हं, बोला. करमणार नाही हे."

त्या घरात वाक्य बदलता येत नाही. जिथं सोडलं तिथूनच उचलावं लागतं.

"…हे माझं म्हणणं होतं," मी म्हणालो. "तिचं नाही. तिला तुम्ही हवे आहात. मी असं अशासाठी बोलणार होतो की तुम्ही नाही म्हणावं."

त्यांनी गाडी गेली त्या दिशेला पाहिलं.

"गाडी लांब होती म्हणून बरं झालं," ते म्हणाले.

"हो."

"अन् आता काय म्हणणं हाय?"

"आता मी खोकला पाहिलाय."

त्यांनी पंच्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "तिले सांगू नका."

"तुम्ही चला. मग मी नाही सांगणार."

"जवाईबापू, धमकी देऊन राह्यले का?"

"हो."

ते हसले आणि हसता हसता त्यांना पुन्हा खोकला आला. त्या वेळी गाडी नव्हती. पहिल्यांदाच मी तो आवाज ऐकला आणि मला स्टुलावर बसवेना.

संध्याकाळपर्यंत त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. तिथं मी काय पाहू, म्हणाले. तुमच्याकडे पाण्याचा त्रास, म्हणाले. शेवटी घराची किल्ली फाटकापलीकडच्या शेजाऱ्याकडे दिली आणि ते माझ्याबरोबर निघाले. निघताना त्यांनी कुंपणाजवळून मूठभर कोळसा उचलला, पाहिला आणि परत खाली टाकला.

घरी आल्यावर मी बायकोला माझ्या त्या वाक्याबद्दल सांगितलं. ती कणीक मळत होती. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "आणलंत ना पण?" एवढंच. मी पुष्कळ बोलणी खायला तयार होतो, ती मिळाली नाहीत. त्यामुळं ते ओझं अजून माझ्याकडेच आहे.

खोकल्याबद्दल मला सांगावंच लागलं नाही. इंद्रलोकमध्ये खोकला लपवायला गाडी नाही. पहिल्याच रात्री तिनं ऐकला. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे होतो. धूळ छातीत फार आत गेली आहे, पूर्ण जाणार नाही, पण औषधांनी आणि काळजीनं त्रास कमी होईल असं ते म्हणाले. झालाही आहे. आता ते सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारतात आणि बाकावर बसतात. एकदा वीज गेली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकी खाली येऊन म्हणाल्या, "अंकल, आपके यहाँ भी लाइट नहीं है?" सासरे गंभीरपणे म्हणाले, "मैं इधर आ गया ना बेन. उधर गाडी कौन भरेगा?" काकी क्षणभर खरंच विचारात पडल्या. मी बाजूला उभा होतो. मी पुढं होऊन सांगितलं की हे माझे सासरे, यांनी आयुष्यभर कोळशाच्या गाड्या भरल्यात. मला वाटतं मी ते जरा मोठ्यानं सांगितलं.

खिडकीजवळची खुर्ची त्यांची झाली आहे. मी शेजारी वेताच्या मोड्यावर बसतो. मला वाटलं होतं तेवढं ते जड गेलं नाही.

रविवारी दुपारी फाटकापलीकडचा शेजारी फोन करतो. गाडी आली की तो काही न बोलता फोन कुंपणाकडे धरतो. परवा आम्ही जेवत होतो. सासऱ्यांनी फोन ताटाजवळ ठेवून आवाज वाढवला. बायको म्हणत होती, "आज आमटीत बहुतेक…" आणि गाडी सुरू झाली.

बायकोचा वाढणारा हात थांबला. मी घास खाली ठेवला. माझी मुलगी या सगळ्याला हसते, ती कधी कुणासाठी थांबत नाही, माझ्यासारखी गिरगावची आहे ती. पण आजोबांचा चेहरा बघून तीही गप्प झाली. भाईंदरच्या दोन खोल्यांतून अख्खी मालगाडी गेली. सासरे डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांना खोकला आला नाही.

"भरली हाय," गाडी गेल्यावर ते म्हणाले.

मग आम्ही सगळे बायकोकडे बघायला लागलो.

"…मीठ कमी झालंय," ती म्हणाली.