नाझनीनच्या जागेसाठी धारूरला

पुण्याहून बीडची बस सुटली तेव्हा उजाडत होतं आणि नाझनीनचा फोन अजूनही बंदच होता.

आमच्या मॅडमच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.ची एकच जागा निघाली होती. विषय कृत्रिम प्रकाशसंश्लेषणाचा. झाडाचं पान ऊन-पाणी घेऊन अन्न करतं, तसं काचेच्या पट्टीवर उन्हाच्या जोरावर पाणी फोडून इंधन मिळवायचं. निवडीत नाझनीन पहिली आली आणि सुट्टीला म्हणून गावी गेली, ती गेलीच. उद्या दुपारपर्यंत तिचा होकार आला नाही, तर जागा पुढच्या नावाला जाणार होती. ते नाव माझं होतं.

निवडीबद्दल माझी तक्रार नव्हती. आमच्या दोघींच्याही पट्ट्यांवर पाणी फोडणारा काळा लेप असायचा. माझा पाण्यात पापुद्र्यासारखा सुटायचा. तिचा टिकायचा, आणि उन्हात ठेवला की त्यावरून बारीक बुडबुडे उठत राहायचे.

नगर मागे पडलं. आष्टीच्या अलीकडे बसचा टायर बसला. सगळे खाली उतरलो. समोरून ऊसतोडीला निघालेल्या माणसांनी भरलेले ट्रॅक्टर जात होते. चाक निघेना, तसतसं मला सुटल्यासारखं वाटू लागलं. उशीर झाला तर दोष माझा नाही. मग या विचाराचीच भीती वाटली.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठं निघालीस?"

"धारूरला, मैत्रिणीकडं."

"कार्य हाय का?"

"नाही. ती फोन उचलत नाही."

"मग लई बरं केलंस निघालीस ते," त्या म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

बीडला बस बदलली. पुढे धारूरचा घाट अरुंद आणि वळणांचा.  नाझनीनच्या अब्बांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं; स्टँडवरच्या एका फळवाल्याला त्यांचं घर विचारलं. "दुकान बंद हाय त्यांचं. माणूस आजारी हाय," म्हणत त्यानं गल्ली दाखवली.

दार नाझनीननंच उघडलं. "तू? मॅडमनी पाठवलं?"

"नाही. माझी मी आले."

आत खाटेवर तिचे अब्बा पडून होते. त्यांचं उजवं अंग लुळं पडलं होतं, बोलणं जड झालं होतं. फोन तिनं मुद्दामच बंद ठेवला होता. "मॅडमचा आवाज ऐकला असता तर मी हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "आणि यांना असं टाकून कशी येऊ?"

तिच्या अम्मीनं मला आधी जेवायला बसवलं. खिचडी आणि खट्टा (चिंचेचं आंबट सार). वाढता वाढता त्यांनी विचारलं, "हिनं न्हाई म्हटलं तर ती जागा कुणाला जाईल?"

"मला," मी म्हणाले.

 मग नाझनीन म्हणाली, "मग तू आलीस कावून (का)?"

"तुझा फोन लागत नव्हता." 

खाटेवरून अब्बा काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. अम्मीला कळलं. "ते म्हणत्यात, फोन लाव."

"आणि तुमचं कोण बघणार?" नाझनीननं अब्बांना विचारलं.

"तू पुण्यात होतीस तवा मी घर बघतच होते की," अम्मी म्हणाल्या. " आता तुझे मामू बी येत्यात रोज."

नाझनीननं माझ्याच फोनवरून मॅडमना सगळं सांगितलं. "महिनाभर उशिरा रुजू झालीस तर चालेल का, ऑफिसला विचारते, थांब," मॅडम म्हणाल्या. आम्ही ओट्यावर बसलो. समोर किल्ल्याकडची टेकडी उन्हात पडली होती. उत्तर काय यावं असं मला वाटत होतं, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही. फोन वाजला तेव्हा तो मी पटकन तिच्या हातात दिला.

ऑफिसनं मान्य केलं होतं. तिनं तिथंच बसून होकार पाठवला आणि ओढणीनं तोंड झाकून ती कितीतरी वेळ रडली. मी पाणी आणून दिलं.

सकाळी ती स्टँडपर्यंत आली. "दुसरीकडं अर्ज करशील ना?"

"करीन."

"आधी माझ्यासंग एकदा लेप कर. तू काच नीट धूत नाहीस." एवढं बोलून तिनं अम्मीनं दिलेली सीताफळांची पिशवी खिडकीतून आत सारली.

मला आनंद झाला होता असं लिहिलं तर ते खोटं होईल. परतीच्या वाटेवर रडू आलंच. पण मी पुण्यातच थांबले असते आणि जागा मिळाली असती, तर रोज तिच्या रिकाम्या टेबलाशेजारी बसून काम करावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. "मग आता तुझं काय?"

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि सीताफळं पिकत घालायला तिच्याकडे तांदळाचा डबा मागितला.