उसवलेली लोकर

मशीनवरून उतरलेला लोखंडी जॉब ते आधी उजेडाकडे धरत, एक डोळा मिटत, कडेवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "न्हाय. भंगारात टाक." पुढे चर्चा नाही. उचगावजवळच्या आमच्या कारखान्यात ते लेथचे फोरमन होते आणि मी ऑफिसात कारकून. असा फोरमन तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. त्यांच्या बुटांचा आवाज आला की अख्खं खातं मान खाली घालून कामाला लागायचं.

जेवणाच्या सुट्टीत मी विणत बसे. एकदा माझ्या टेबलापुढून जाताना ते थबकले. "मॅडम, बाजारात तयार स्वेटर मिळत्यात की. कशाला बोटं झिजवताय?"

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांचा डावा हात मशीनमध्ये सापडला. हात वाचला, पण दोन बोटं ताठ झाली. मालकांनी त्यांना गेटजवळच्या खोलीत माल तपासायला बसवलं. बोटांच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला होता. तो आठवड्याभरात मला खिडकीबाहेरच्या गवतात सापडला. उचलून परत द्यायला गेले, तर म्हणाले, "ल्हान पोरगं हाय व्हय मी, चेंडू खेळायला?" आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी जाड सुया आणि थोडी उरलेली लाल लोकर त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"कुणी बघंल," ते म्हणाले.

"बघू दे की. औषध आहे म्हणून सांगा."

मी वीस टाके घालून दिले आणि सुलट टाका शिकवला. ते लोकर इतकी आवळत, की सुई आतच शिरेना. कपाळावर घाम. "नट आवळताय का?" मी विचारायची. पण सुया काही गवतात गेल्या नाहीत.

आठवड्यानं चार बोटं लांबीचं विणून झालं होतं. ते त्यांनी सवयीनं उजेडाकडे धरलं. खाली, पाच ओळींवर, एक टाका सुटला होता. त्यांचा चेहरा पडला. "गेलं. भंगार."

मी सुई काढली आणि धागा ओढला. पाच ओळी भराभर उसवल्या.

"आता?"

"आता परत विणायचं. लोकर तीच."

त्यांनी तो कुरळा धागा बोटाला गुंडाळून बघितला. मग उरलेलंही त्यांनी स्वतःच्या हातानं मुळापासून उसवलं आणि हसले. कामावर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "लोखंड एकदा जास्त कापलं की संपलं, मॅडम. काय बी करा, परत चिकटत न्हाय. आन् हितं..."

त्यानंतर मात्र ते झपाटले. सुयांची जाडी व्हर्नियरनं मोजू लागले. गेटवरच्या तिन्ही वॉचमनना कानटोप्या झाल्या. खात्यातलं कुणीतरी म्हणालं, "फोरमन, आता गजरा बी माळा." त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "टाकं मोजतोय. गप बस." मला एकदा कळवळून म्हणाले, "छप्पन वर्षं कुणी सांगितलं न्हाय मला ह्ये."

निवृत्तीनंतर त्यांनी पहिला पूर्ण स्वेटर विणला तो थोरल्या भावासाठी. भाऊ हातकणंगल्याला राहत. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांत बारा वर्षं बोलणं नव्हतं. पिशवीत स्वेटर घालून फोरमन एका रविवारी एकटेच गेले. काय झालं ते मला नंतर फोनवर सांगितलं.

"ढगळ झाला, मॅडम. माझ्या डोळ्यापुढं बारा वर्षांमागचा दादा हुता. गडी पार वाळलाय."

"मग?"

"म्हटलं, आण हिकडं, उसवून परत करतो. तर काढंना! म्हणतोय, असू दे, ऊब लागत्या. शेवटी मीच अंगातनं ओढून काढला."

"घरी आणलात ना?"

"न्हाय. तितंच उसवून ठेवलाय. घरात बसून विणला तर दोन हप्त्यांत व्हतोय. दर रविवारी जाऊन तितंच विणतोय." मग म्हणाले, "ती उसवलेली लोकर वाकडीतिकडी झालीया. काय करू?"

"लड करून पाण्यात बुडवा, वाळवा आणि मग गुंडा करा," मी सांगितलं.

ते जाऊन आता वर्ष होत आलं. झोपेतच गेले. अजून खात्यावरून जाताना माझी नजर त्या गेटजवळच्या खोलीकडे वळते. तिथं आता दुसरंच कुणी बसतं.

पण डोळ्यांपुढे येतो तो त्या फोननंतरचा रविवार. माझं सासर हातकणंगल्याचं. तिकडे गेले होते, म्हणून त्यांच्या भावाकडे सहज डोकावले. अंगणात बाजेवर थोरले भाऊ दोन्ही हात पुढे धरून ताठ बसले होते. हातांवर धुतलेल्या लोकरीची लड. समोर स्टुलावर फोरमन, ताठ बोटं बाजूला काढून गुंडा करत होते.  मी दारातच थांबले.

"नाक खाजतंय रं," भाऊ म्हणाले.

"हात खाली घेऊ नगंस. गुंता हुईल."

मग फोरमन पुढे वाकले, गुंड्यासकट हात वर नेला, भावाचं नाक नीट खाजवलं आणि परत लोकर गुंडाळू लागले.