दूध संस्थेच्या फळ्यावरची उजळणी

सत्तार गुरुजींचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही. मी अंबाजोगाईहून डी.एड. करून आलेली, डोक्यात नव्या पद्धती घेऊन. आणि गुरुजी म्हणजे 'पुन्हा' या एका शब्दावर अख्खी नोकरी काढलेला माणूस. पोरगं वाचताना चुकलं की रागावणं नाही, छडी नाही, समजावणंही नाही. नुसतं "पुन्हा." की पोरगं निमूट वाक्याच्या सुरुवातीला. चौसाळ्याजवळच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या गावात पोरं त्यांना मागून 'पुन्हा गुरुजी' म्हणायची. मनातल्या मनात मीही म्हणायची.

दिवाळीच्या आगेमागे आमचे वर्ग अर्धे रिकामे व्हायचे. आईबाप ऊसतोडीला निघाले की पोरंही त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरात. कारखान्याचं गाळप संपलं की चैत्रात परत यायची आणि मग त्यांची उजळणी घ्यायची. पहिल्या वर्षी मी हरखून गेले होते, कारण आलेली पोरं मागचे धडे घडाघडा वाचत होती. गुरुजींनी जवळ येऊन एका पोराच्या हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं. पोरगं आधीचाच धडा वाचत राहिलं.

"टोळीत पुस्तक एकच असतंय बाई," गुरुजी म्हणाले. "एकानं वाचायचं, बाकीच्यांनी मोळ्या बांधता बांधता मागं म्हणायचं. धडा समद्यांना पाठ हाय, वाचता येतंय एकालाच."

माझं तोंड एवढंसं झालं. पण म्हातारा बरोबर निघाला याचाही राग आलाच.

म्हणून गुरुजी घ्यायचे ती परीक्षा पुस्तकावर नसायची. गावात सहकारी दूध संस्था होती. संस्थेच्या दारात एक फळा होता आणि सचिव अर्जुनराव त्यावर रोज संध्याकाळी नवी सूचना लिहायचे. नवी, म्हणजे कुणाला पाठ असणं शक्यच नाही. दूध घालायला आईबाप किटल्या घेऊन आलेले असायचे. त्यांच्यासमोर पोरानं ती सूचना वाचायची. बहुतेकांना स्वतःला वाचता येत नव्हतं, पण पोरगं शेवटपर्यंत गेलं की बापाची मान ताठ व्हायची.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी पाऊस नावालाच पडला. विहिरी पोळ्याआधीच आटल्या. जनावरं जगवायला त्याच दूध संस्थेनं माळावर चाऱ्याची छावणी घातली होती. दरसाल ऊसतोडीला जाणाऱ्या धोंडीरामच्या घरची गाय तिथंच होती. गाय त्याच्या आईची, साखराबाईची. तिच्या दुधावर म्हातारीची चूल पेटायची. आणि म्हातारी गावात राहायची म्हणूनच धोंडीरामची मुलगी रेणुका या वर्षी शाळेसाठी मागं राहू शकणार होती. रेणुका चौथीत. मागच्या हंगामात ती उसाच्या फडात गेली होती, तान्ह्या भावाला सांभाळायला. या खेपेला तिला जायचं नव्हतं. त्यासाठी ती कारखान्याचा पट्टा पडून, हंगाम संपून परतल्यापासून गुरुजींपाशी अक्षर अक्षर लावून उजळणी करत होती.

धोंडीरामनं अट घातली होती. "फळ्यावरचं समदं वाचलीस तर ठिवतो तुला आजीपाशी. न्हाई तर चल आपली. तितं बाळाला कोण बघंल?"

त्या संध्याकाळी दहा-वीस माणसं दुधाला आली होती. धोंडीरामची बायको गीताबाई बाळाला घेऊन ओट्यावर टेकली होती. अर्जुनराव खडू झटकत आत गेले आणि रेणुका फळ्यापुढं उभी राहिली. बोट हवेत धरून तिनं वाचायला घेतलं.

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सोमवारपासून छावणीतील जनावरांना चारा..."

इथपर्यंत एकही चूक नाही. पुढं तिनं फळ्याकडं बघितलंच नाही. मागं बापाकडं बघून हसली आणि म्हणाली, "मिळेल!" अर्जुनरावांची प्रत्येक सूचना 'मिळेल' नाहीतर 'मिळतील' अशीच संपायची. पेंड मिळेल, दुधाचा पगार मिळेल. तिनं सवयीनं ठोकून दिलं.

धोंडीरामचा चेहरा फुलला. तो चारचौघांत काही बोलणार, शब्द देणार, एवढ्यात माझी नजर फळ्यावर गेली. तिथं लिहिलं होतं, 'मिळणार नाही.'

मी गुरुजींचा हात धरला. "गुरुजी, राहू द्या," मी हळूच म्हणाले. सोमवारी सगळ्या गावाला कळणारच होतं; पण तोवर धोंडीरामनं शब्द दिलेला असता आणि तो शब्दाला पक्का माणूस होता. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. त्यांनाही सगळं दिसत होतं, हे मी शपथेवर सांगते.

"पुन्हा," ते म्हणाले.

मला त्यांचा इतका संताप आला की तोंडावर काहीतरी बोलले असते.

रेणुका वळली. बोट पुन्हा पहिल्या शब्दावर. 'चारा'पर्यंत आली आणि थांबली. या वेळी तिनं पुढचं वाचलं होतं, मनात. पोर हुशार होती. चारा नाही म्हणजे गाय नाही, गाय नाही म्हणजे आजीची चूल नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं बोट पुढच्या शब्दावर नेलं. मग वाचलं, "मिळणार नाही."

अर्जुनराव दारात येऊन मान खाली घालून उभे राहिले.

"गुरुजी, खरंच आसंच लिव्हलंय?" धोंडीरामनं विचारलं.

"आसंच हाय."

"रेणे, अजून एकदा वाच."

तिनं वाचलं, नाक ओढत, पण शेवटपर्यंत. धोंडीराम खाली बसला. "हिला म्हाईत व्हतं," तो बायकोला म्हणाला, "हे वाचलं तर तिलाच फडात जावं लागतंय. तरी वाचलं बघ पोरीनं."

"मग?" गीताबाई म्हणाली. तिनं बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. "माझ्या ल्योकाला फडात कोण बघंल?"

साखराबाई दुधाची किटली खाली ठेवून पुढं आली. "गाय माझी हाय. नेकनूरच्या बाजारात न्या. त्या पैशात आमी दोघी हंगाम काढू. पोरगी हितंच ऱ्हाईल."

त्या गाईला म्हातारीनं वासरू असल्यापासून वाढवलं होतं. बाजारात तिला निरोप द्यायला ती गेली नाही.

दसरा झाल्यावर टोळी निघाली. रेणुकाच्या कडेवरून गीताबाईनं बाळ काढून घेतलं, तसा त्यानं आकांत मांडला. त्या हंगामात ते पोर फडाच्या कडेला झोळीत एकटंच असणार होतं. ट्रॅक्टर वळणाआड गेला तरी रडणं ऐकू येत होतं. चांगलं झालं असं म्हणायला माझी तेव्हा जीभ रेटली नाही, अजूनही रेटत नाही.

गुरुजींनी रेणुकाला हाताला धरून शाळेत आणलं. पहिलीचं पुस्तक काढलं, कारण ती अंदाजानं वाचली होती आणि अंदाजानं वाचणाऱ्याची उजळणी पहिल्या पानापासून, हा त्यांचा नियम होता. ती वाचायला लागली. डोळे भरलेले, अक्षरं दिसत नव्हती. दुसऱ्याच ओळीला चुकली. गुरुजींचं 'पुन्हा' आलं नाही. ती तशीच पुढं गेली, परत चुकली. मी बघितलं, तर गुरुजी खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत होते.

वर्गात दुसरं कुणी नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "पुन्हा."