मोबाईलवरचा वापसा

हे लिहायला मी फार वर्षं लावली. "तुमचा पाणी देणारा का सोडून गेला?" असं कोणी विचारलं की "गेला त्याच्या गावाकडं" म्हणून विषय बदलायचो. घरातही तेच सांगितलं. तो गेला नव्हता, मी त्याला घालवलं होतं.

देवळाली प्रवराजवळ आमचा चार एकर ऊस. तो पाथर्डीकडचा, दरवर्षी बायकोसह ऊसतोडीला यायचा. एका हंगामाच्या शेवटी मीच म्हणालो, "कोयता ठेव आता. माझ्याकडं पाणी बघ." तेव्हापासून दोघं आमच्याच रानात खोली करून राहिले. तो माती मुठीत दाबायचा, मूठ उघडून बघायचा आणि सांगायचा, "वापसा हाय, ओल पुरती हाय. आज पाणी नगं." त्याचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही.

मग मी ठिबकला यंत्र जोडलं. जमिनीत पुरलेली कांडी ओल मोजणार, मोबाईलला कळवणार आणि गरज असेल तेव्हाच पाणी आपोआप सुटणार. कंपनीचा माणूस कांडी शेताच्या मधोमध पुरत होता. मी अडवलं. "तिथं ट्रॅक्टरखाली मोडेल. कडेला म्हसोबाजवळ पुरा, तिकडं औत जात नाही." तो जरा कुरकुरला, पण त्यानं ऐकलं.

वैशाखात एकदा पाणी देणारा म्हणाला, "आबा, पानं वळाया लागली. रान तान्हेलं हाय."

मी मोबाईल पुढे केला. हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, वापसा. "हे वाच."

"मला कुठं वाचाया येतंय? पन उसालाबी न्हाई येत."

मला ते लागलं. दोन दिवसांनी मोबाईलनं कळवलं, की कोणीतरी हातानं पाणी सोडलंय. मी तडक दूध डेअरीवर गेलो. तो तिथं किटली घेऊन रांगेत उभा होता.

"यंत्र आलं की आपलं काम जाईल, म्हणून खोटं बोलतोस? वर चोरून पाणी सोडतोस?"

"मोबाईलनं माणूस धरला की आबा!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

तो खाली बघत म्हणाला, "आबा, ती कांडी कुठं पुरलीया, तेवढं येकदा बगा." पुढं काहीतरी बोलणार होता, पण थांबला.

"खोटारडा तो खोटारडा, वर मला शिकवतोस? उद्यापासून येऊ नको."

तिसऱ्या दिवशी नवराबायको बोचकी घेऊन जीपमध्ये बसले.

आठवड्यानं उसाचे शेंडे करपले. सकाळीच कंपनीचा माणूस आला. त्यानं शेताच्या मधे हातभर खणलं, तर नुसता फुफाटा. कांडीजवळ खणलं, तर कुदळीला चिखल लागला.

"इथं पाणी कोण टाकतं हो?"

मी नुकताच आंघोळ करून आलो होतो. हातात भरलेली कळशी होती. म्हसोबाला रोज पाणी घालायचा माझा चाळीस वर्षांचा नेम. त्या माणसानं कळशीकडे पाहिलं आणि नजर वळवली. मी बांधावरच बसलो. तेवढ्यात दुसरी गोष्ट ध्यानात आली. इतकी वर्षं ती कळशी बोअरवर भरून माझ्या हातात तोच देत होता. त्याला सगळं ठाऊक होतं. देवाचं पाणी बंद करा, हे मालकाला कसं सांगायचं म्हणून तो डेअरीवर गप्प राहिला होता.

त्यानं पुन्हा कोयता धरल्याचं मला कळलं. पुढच्या वर्षी आषाढात मी एसटीनं त्याच्या गावी गेलो. काय बोलायचं ते वाटभर मनात घोकलं होतं. त्यानं शेजारून खुर्ची मागून आणली, बायकोनं चहा ठेवला. डाव्या हाताच्या दोन बोटांना त्यानं चिंधी बांधली होती.

"ऊस कसा हाय, आबा?"

"बरा आहे."

"आज इकडं कुनीकडं?"

"जवळच एक लग्न होतं," मी म्हणालो.

आषाढात लग्नं नसतात.  तो मला एसटीपर्यंत सोडायला आला.

दोन वर्षांनी तो वारल्याचं समजलं. मला त्याला एवढंच सांगायचं होतं, आणि तेही डेअरीवर, सगळ्यांसमोर: तू खरं बोलत होतास. खोटा मी होतो. माझं चुकलं.